पद्मिनीला 45 अँपिअरचा अल्टरनेटर: गाडी जुनी, वायरही जुनी

ऐकायचं असेल तर वरती प्लेअर आहेच. ज्यांनी बसमध्ये हेडफोन विसरलेत त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना आलेले "अं... म्हणजे..." काढलेत आणि आकडे नीट मांडलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय आमच्या घरातली गाडी. 1978 ची प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगला गिअर असलेली. आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सेकंड हँड घेतलेली. आता ती राहुरीजवळ आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये असते. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे तिच्या वाट्याला माझे शनिवार-रविवार येतात.

ज्यांनी पद्मिनी फक्त सिनेमात बघितलीय त्यांच्यासाठी दोन ओळी. मूळ गाडी इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने ती मुंबईत कुर्ल्याला बनवली, आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसी, ताकद चाळीसएक हॉर्सपॉवर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच, ती ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. या गाडीचं डिझाइन 1960 च्या आसपासचं आहे, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

अडचण काय होती?

आपल्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. नगर-मनमाड रोड (अहिल्यानगर म्हणा, पण रोडला अजून सगळे नगर-मनमाडच म्हणतात), आणि कारखान्याचा सीझन. राहुरी, कोल्हार, लोणी, राहाता, हा सगळा उसाचा पट्टा. नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळनंतर तुमच्यापुढे डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर असतोच. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, ट्रॉलीला मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली. नाहीतर बैलगाडी, आणि तिच्या मागे तर काहीच नाही.

अशा ट्रॉलीमागे तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत असता. इंजिन जवळपास आयडलला. आणि आमच्या पद्मिनीचे हेडलाइट त्या वेळी देवघरातल्या निरांजनासारखे व्हायचे. जरा रेस दिली की उजेड वाढायचा. म्हणजे उजेडाची गरज सगळ्यात जास्त असताना तो सगळ्यात कमी. मागच्या वर्षी एका बैलगाडीची उसाची टोकं मला बॉनेटपासून हातभर अंतरावर दिसली. आप्पा शेजारी बसले होते, वय 81. ते काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डला धरलं. त्या रात्री ठरवलं की हे दुरुस्त करायचं.

लुना चालवलेल्यांना हा प्रकार माहीत असेल. लुना तर आपल्या नगरची, कायनेटिकचा कारखाना नगर-दौंड रोडला. तिचा हेडलाइट इंजिनच्या मॅग्नेटोवर थेट चालायचा. रेस दिली की उजेड, सोडली की अंधार. पद्मिनीत बॅटरी आहे, मग तिथे असं का व्हावं?

डायनॅमो आणि अल्टरनेटर

कारण आमच्या गाडीला डायनॅमो होता. तुमच्या आजच्या गाडीला अल्टरनेटर असतो. दोघांचं काम एकच: बेल्टवर फिरायचं, वीज बनवायची, बॅटरी भरायची. फरक आहे तो फिरतं काय आणि जागेवर काय, यात.

डायनॅमोत चुंबकाची बाजू जागेवर असते, आणि ज्या गुंडाळीत वीज तयार होते ती फिरते. तयार झालेला सगळाच्या सगळा करंट फिरत्या भागातून बाहेर काढायचा, तोही कॉम्युटेटरवर घासणाऱ्या दोन कार्बन ब्रशमधून. गुंडाळी जड. फार जोरात फिरवली तर तारा बाहेर फेकल्या जातात. म्हणून डायनॅमोची पुली मोठी ठेवून त्याला हळू फिरवतात. हायवेला 60 च्या स्पीडने ठीक चालतं, आयडलला मात्र तो इतका हळू फिरतो की त्याचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडतो. मग बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत जाऊ नये म्हणून कटआऊट नावाचा डबा त्याला सर्किटमधून तोडतो. म्हणजे ट्रॉलीमागे सरपटताना आमचे हेडलाइट फक्त बॅटरीवर चालत होते.

अल्टरनेटरमध्ये उलटं. वीज बनवणारी जाड गुंडाळी जागेवर, आणि फिरतं ते इलेक्ट्रोमॅग्नेट. त्याला जागं ठेवायला तीन-चार अँपिअर पुरतात, तेवढाच करंट ब्रशमधून जातो. फिरता भाग आटोपशीर, म्हणून पुली छोटी लावून तो इंजिनच्या दुप्पट स्पीडने बिनधास्त फिरवता येतो. इंजिन 800 आरपीएमवर असेल तर हा 1600 वर. त्यामुळे आयडललाही चार्जिंग सुरू राहतं.

मग सुरुवातीपासून हेच का नाही केलं? कारण अल्टरनेटरमधून निघते ती एसी, आणि बॅटरीला लागते डीसी. एसीची डीसी करायला डायोड लागतात. छोटे, उष्णता सोसणारे सिलिकॉन डायोड परवडण्यासारखे झाले ते 1960 च्या सुमारास. अमेरिकेत क्रायसलरने 1960 च्या व्हॅलियंटला अल्टरनेटर दिला, मग हळूहळू सगळ्यांनी. पद्मिनीचं डिझाइन नेमकं त्या उंबरठ्यावरचं, तिच्या नशिबी डायनॅमो आला.

(जाता जाता: वडिलांच्या सायकलला टायरवर घासणारा तो "डायनॅमो" होता ना? त्यातून एसी निघायची. म्हणजे तो चुलत नात्याने अल्टरनेटरच. नाव चुकीचं पडलं ते पडलं.)

आधी हिशोब, मग खरेदी

हे मी उलट्या क्रमाने केलं, तुम्ही करू नका. आधी आपल्याला लागतं किती ते बघा. रात्रीचा आणि पावसाचा लोड मी नंतर मांडला तो असा: दोन हेडलाइट 55 वॉटचे, म्हणजे 110. मागचे-पुढचे पार्किंग, नंबर प्लेट, मीटरचे बल्ब मिळून 30. वायपर 40. इग्निशन कॉइल 40. मोबाइल चार्जर 20. बेरीज 240 वॉट. चालत्या गाडीचा व्होल्टेज 14 धरला तर साधारण 17 अँपिअर. ब्रेक दाबला की अजून तीन. उद्या रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावला तर सात-आठ वाढतील.

आमचा डायनॅमो पूर्ण रेसवर जेमतेम 20 च्या आत-बाहेर द्यायचा. म्हणजे काठावर पास, आणि आयडलला शून्य. आता 45 अँपिअरचा अल्टरनेटर आयडलला त्याच्या एक तृतीयांश देतो असं धरा, तरी 15 झाले. बॅटरीवर फक्त दोन-तीनचा बोजा. काम झालं.

इथे सगळ्यांना मोह होतो: भंगारात डिझेल गाडीचा 75-90 चा अल्टरनेटर त्याच भावात मिळतोय, तो का नको? नको. तो जड, ब्रॅकेट वाकवणार. आणि वीज फुकट नसते. 45 अँपिअर म्हणजे 630 वॉट. अल्टरनेटरची कार्यक्षमता निम्मी धरली तर बेल्टमधून सव्वा किलोवॉट, दीड-पावणेदोन हॉर्सपॉवर ओढली जाते. पद्मिनीचा तो एकच व्ही-बेल्ट, आणि त्याच्यावरच पाण्याचा पंप. बेल्ट घसरला किंवा तुटला तर चार्जिंग जातंच, वर इंजिनही तापतं. 90 चा बोजा त्या बेल्टचा नाही. ज्यांना मागे मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर लावायचाय त्यांनी लावा बापडे, हा भाग त्यांच्यासाठी नाही.

मी मारुती 800 च्या जातीचा घेतला. प्लेटवर 12 व्होल्ट 45 अँपिअर. रेग्युलेटर आतच असतो, पार्ट कुठेही मिळतो, आणि आकाराने डायनॅमोपेक्षा लहान. ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतलं.

पहिला प्रयत्न, आणि धूर

बसवायला गाडी एका गॅरेजला दिली. नाव घेत नाही, कारण हीच चूक मी अजून चार ठिकाणी बघितलीय. संध्याकाळी गाडी हातात आली. आयडललाही हेडलाइट ढणढणीत! आप्पा म्हणाले, "आता दिसतंय बरं का." मी खूश.

दुसऱ्या आठवड्यात कोल्हारहून राहुरीला येताना, रात्री नऊच्या सुमारास, जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आधी वाटलं बाहेर कोणी पाचट पेटवलंय. मग बॉनेटच्या फटीतून धूर दिसला. गाडी बाजूला घेतली, चावी बंद केली, आप्पांना उतरवलं. त्यांच्या गुडघ्यांना किती वेळ लागतो ते तेव्हा कळलं. बॉनेट उघडलं आणि पान्याने बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवलं. हात थरथरत होते, पाना दोनदा निसटला.

काय झालं होतं? अल्टरनेटर नवीन, पण त्याची मेन वायर जुन्या डायनॅमोचीच. आणि ती वायर जायची जुन्या कटआऊटमध्ये. कटआऊटचं काम आता संपलं होतं, पण गॅरेजवाल्याने तो डबा तसाच ठेवून वायरींचा जोड म्हणून वापरला होता. सगळा करंट 45 वर्षं जुन्या, गंजलेल्या एका स्क्रूतून.

बारावीचं फिजिक्स आठवा. तारेत जी उष्णता होते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. करंट दुप्पट, उष्णता चौपट. समजा त्या गंजलेल्या स्क्रूचा रेझिस्टन्स 0.03 ओहम. डायनॅमोच्या जमान्यात त्यातून 15 अँपिअर जायचे: 0.03 गुणिले 225, म्हणजे सात वॉट. स्क्रू कोमट. अल्टरनेटर आल्यावर 30 जायला लागले: 0.03 गुणिले 900, म्हणजे 27 वॉट. तुमच्या घरातलं सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॉटचं असतं. म्हणजे आम्ही जुन्या बेकलाइटवर एक पेटतं सोल्डरिंग आयर्न ठेवून नगर-मनमाड रोडला फिरत होतो.

अजून एक गोष्ट, जी मला आजही अस्वस्थ करते. चावी बंद केली की सगळं बंद होतं असं आपल्याला वाटतं. पण बॅटरीपासून कटआऊटपर्यंतची वायर चावीच्या अलीकडे असते, ती कायम जिवंत. मध्ये फ्यूज नव्हता. वितळलेली वायर बॉडीला टेकली असती तर बॅटरीने त्यातून शेकडो अँपिअर ओतले असते, आणि कार्ब्युरेटर तिथून फार लांब नाही.

आमच्या क्षेत्रात म्हणतो ना, सर्व्हर मोठा घेतला आणि केबल जुनीच ठेवली. फक्त तिथे साइट स्लो होते.

दुसरा प्रयत्न

या वेळी नगरच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्वतः दोन दिवस बसलो. ते मला "बेटा, कॉम्प्युटर बाजूला ठेव" म्हणत होते आणि मी वहीत आकडे मांडत होतो. जमलं आमचं.

पहिलं काम कटआऊट पूर्ण बाहेर. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवरून, ज्याला बी म्हणतात, नवी जाड वायर थेट बॅटरीच्या प्लसला. जुनी वायर साधारण अडीच स्क्वेअर एमएमची होती. तीन मीटरला रेझिस्टन्स 0.02 ओहम, 30 अँपिअरला 0.6 व्होल्ट वाटेतच गायब. त्यात स्क्रूचे 0.9 धरा. अल्टरनेटर 14.2 देतोय आणि बॅटरीला मिळतायत 12.7, म्हणजे बॅटरी कधी पूर्ण भरतच नव्हती. नवी वायर दहाची घेतली. तेवढ्याच लांबीला 0.15 व्होल्ट गळती. इन्व्हर्टरच्या दुकानात मिळते ती नरम तारांची घ्या. घरातली कडक वायर नको, इंजिनच्या हादऱ्याने तुटते. टोकांना लग्ज नीट दाबून बसवा, पक्कडीने चेपून नाही.

या वायरवर बॅटरीच्या जवळ 60 अँपिअरचा फ्यूज. नियम सोपा: फ्यूज अल्टरनेटरच्या आकड्यापेक्षा वर, वायरच्या कुवतीपेक्षा वर नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो. "उडतोय म्हणून मोठा टाकला" हे मी यापुढे कोणाकडून ऐकून घेणार नाही.

दुसरं काम सगळे विसरतात: अर्थिंग. करंट प्लसने जितका जातो तितकाच मायनसने परत येतो. इंजिन रबरच्या माउंटिंगवर असतं, त्यामुळे इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या दोन्ही पट्ट्या नव्या टाकल्या, खालचा रंग चमकेपर्यंत घासून.

तिसरं म्हणजे डॅशबोर्डवरचा लाल चार्जिंगचा दिवा. तो नुसता शोभेचा नाही. चावी फिरवल्यावर त्या बल्बमधून जाणारा छोटा करंट अल्टरनेटरच्या इलेक्ट्रोमॅग्नेटला पहिली फुंकर घालतो. बल्ब उडालेला असेल तर बऱ्याच अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायलाच जमत नाही. त्या जागी एलईडी टाकलात तरी तेच, एलईडीतून पुरेसा करंट जात नाही. दोन-तीन वॉटचा साधा फिलामेंट बल्बच ठेवा. मेस्त्री अल्टरनेटर खोलून बसतो आणि दोष असतो दहा रुपयांच्या बल्बचा.

पुली बाकीच्या पुलींच्या सरळ रेषेत हवी, नाहीतर बेल्ट महिन्याभरात कडेने चिरतो. ताण इतका की मधोमध अंगठ्याने दाबला तर सेंटीमीटरभर दबावा.

हेडलाइटला दोन रिले लावले. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट दांडीच्या स्विचमधून जातो, तिथेही गळती. हॅलोजन बल्बला साडेअकरा व्होल्ट मिळण्याऐवजी 13.2 मिळाले तर उजेड दीडपटीच्या वर जातो, कारण फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप जोरात वाढतो. खरं सांगू? तुमची तक्रार फक्त "लाइट मंद आहे" इतकीच असेल, आणि तो रेसवरही मंद असेल, तर आधी रिले लावा. दीड-दोनशेला एक. अल्टरनेटरची गरज कदाचित पडणारच नाही. आमची तक्रार आयडलची होती म्हणून दोन्ही करावं लागलं.

जीप किंवा ब्रिटिश मूळ असलेली जुनी गाडी असेल तर दोन गोष्टी जास्त बघा. डॅशबोर्डवर अँमीटर असेल तर सगळा चार्जिंगचा करंट त्याच्यातून फिरतो. 30 चा अँमीटर आणि 45 चा अल्टरनेटर म्हणजे पुन्हा आमच्या कटआऊटचीच गोष्ट. तो बायपास करून व्होल्टमीटर लावा. आणि काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथे आजचा अल्टरनेटर तसाच जोडलात तर डायोड त्याच क्षणी गेले.

टर्मिनल काढून बघायचं नाही

सगळं जोडून झालं, गाडी चालू केली, आणि गॅरेजमधल्या एका पोराचा हात बॅटरीच्या टर्मिनलकडे गेला. "काढून बघू, इंजिन चालू राहिलं म्हणजे चार्जिंग ओके." मी त्याचा हात धरला.

ही टेस्ट डायनॅमोच्या काळातली आहे, तेव्हाही फार बरी नव्हती. अल्टरनेटर 20-30 अँपिअर ढकलत असताना बॅटरी अचानक काढली तर तो करंट जायला जागा उरत नाही. व्होल्टेज क्षणात कित्येक पट उसळतो. बॅटरी एरवी हा धक्का गिळते. ती नसली की डायोड, रेग्युलेटर आणि मोबाइल चार्जर, जे नाजूक असेल ते जातं. आजच्या गाडीत हा प्रयोग केलात तर इसीयूचं बिल वेगळं.

त्याऐवजी दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. चालू करून हेडलाइट, वायपर सगळं लावा. आयडलला आमचा आकडा 13.4, रेस दिली की 14.2. रेसवर 14.8 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय, थांबा. मग खरी टेस्ट: सगळं चालू, जरा रेस, आणि मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. जे दिसेल ते वाटेत गळणारं. आमचं 0.14 आलं, वहीतल्या 0.15 च्या शेजारी. इलेक्ट्रिशियन चाचांनी वही मागून घेतली आणि चष्मा लावून बघितली. हीच टेस्ट अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात करा, अर्थिंग कळेल. कुठेही 0.3 च्या वर आलं तर जोड उघडा.

एक सूचना अजून. पूर्ण उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर भरायला जाऊ नका. तो तासभर फुल दमावर चालतो आणि तापतो. आधी चार्जरवर लावा.

जुन्या डायनॅमोचं काय केलं?

भंगारवाला अडीचशे देत होता. दिला नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले, त्यात 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न केलेली गाडी बसते. आमची 2028 मध्ये पन्नाशी गाठेल. तेव्हा आप्पांच्या मनात आलं तर सगळं मूळ जागी परत लावता यावं, म्हणून मी बॉडीला एकही नवीन भोक पाडलं नाही. डायनॅमो तेलाच्या फडक्यात गुंडाळून, त्याच्या ब्रॅकेटसकट, घरी पलंगाखालच्या ट्रंकेत आहे. जळका कटआऊटही ठेवलाय, तो माझ्या पुण्याच्या टेबलावर.

परवा, जानेवारीत, कारखान्याच्या वळणाला ट्रॅक्टरची रांग लागली होती. वीस मिनिटं आयडलला, हेडलाइट चालू. मी सिगारेट लायटरच्या जागी छोटा व्होल्टमीटर लावलाय. तो 13.5 च्या खाली आला नाही. आप्पांनी पुढच्या ट्रॉलीच्या मोळ्या मोजल्या आणि ड्रायव्हरने ऊस कसा चुकीचा भरलाय ते मला सांगितलं.

रिलेचं वायरिंग कागदावर काढून हवं असं बऱ्याच जणांनी विचारलंय. पुढच्या भागात तेच. तोवर तुमच्या गाडीचा बी-टू-बॅटरी आकडा मोजा आणि मीटरचा फोटो पाठवा, गाडी कितीही जुनी असो. भेटू!